चुकांचा कट्टा

"नियम एकच," शेंडेफळानं फोनवर टाइप केलं, "इथे फक्त चुकलेलं गणित टाकायचं. बरोबर आलेलं घरच्यांना दाखवा."

आणि काय सांगावं, आठवड्याभरात तिच्या ऑनलाइन ग्रुपवर दोनशे मुलं जमली. नाव 'चुकांचा कट्टा'. ज्याचं चुकेल त्यानं फोटो टाकायचा, ज्याला येईल त्यानं समजवायचं. खरी नावं नाहीत, कुणाचे मार्क विचारायचे नाहीत. तीन भावांच्या पाठीवरची ही पोर, जन्मात तिला कुणी ताई म्हटलं नव्हतं. इथे अख्खा कट्टा ताई म्हणू लागला. तिला आकाश ठेंगणं झालं.

पण ताईचंच गणित राहिलं होतं, तेही दोनदा. नर्सिंगचा प्रवेश त्यावाचून अडला होता. आईनं बजावलं होतं, ही शेवटची परीक्षा, नाहीतर मुकाट्यानं काकाच्या दुकानात बस.

शाळेतल्या गणिताच्या सरांनाही तिनं हौसेनं कट्ट्यावर बोलावलं होतं. सर एक नंबरचे तुसडे. चुका गोळा करून कुणी पास झालंय का, म्हणाले, आणि मला फोन जमत नाही असं सांगून तिला वाटेला लावलं. राहिलं.

सरांवाचून काही अडलं नाही. कट्ट्याला वेंधळ्या मिळाला. रोज संध्याकाळी सातला त्याचं गणित हजर, पेन्सिलीनं लिहिलेलं, अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. खाली ठरलेली ओळ: "ताई, डोकं चालेना." आणि हा बाबा चुकायचा तरी कुठे? नेमकी ती जिथे अडायची तिथेच. मग ताईपणाची लाज राखायला ती पुस्तक उघडायची, भावांचं डोकं खायची आणि त्याला एकेक पायरी समजवायची. एकदा कळलं की ती चूक तो पुन्हा करायचा नाही. दुसऱ्या दिवशी नवी. चार महिन्यांत तिच्या तीन वह्या भरल्या, कट्टा हजारावर गेला.

निकाल लागला. गणितात एकसष्ट! घरात नुसता दंगा. आईनं तर काकाला लगेच फोन करून दुकानासाठी दुसरं माणूस बघायला सांगितलं.

ती धावतच शाळेत गेली. सरांनी मार्क पाहिले आणि "बरं" एवढंच म्हणाले. तिला राहवेना. बाकी सगळे सुटले, तिनं सांगितलं, पण कट्ट्यावरचा एक मुलगा परीक्षेपासून गप्प आहे, बिचारा नापास झाला असेल.

"त्याला शिकवता शिकवता मीच शिकले, सर."

सरांनी खणातून तिचीच सराव परीक्षेची जुनी उत्तरपत्रिका काढली, तांबड्या गोलांनी भरलेली. आता हे जुनं उगाळत बसणार, तिला वाटलं. सरांनी पेन्सिल डाव्या हातात घेतली, मागच्या कोऱ्या पानावर वाकडीतिकडी एक ओळ लिहिली आणि कागद तिच्यापुढे सरकवला.

"ताई, आता डोकं चालतंय."