ओडेसाबाईंचा हट्ट

"फेकायला हवाय की पकडायला?" ओडेसाबाईंनी विचारलं.

हॅडलीसाहेबांनी तोंडातला माशाचा काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला. "पकडायला. तुमचा थर्मन पळतो काय सुरेख!"

"मग सांगूनच टाकते. उजवा गुडघा गेलाय त्याचा."

साहेबांचा घास हातातच राहिला. मंगळवारी न्यूयॉर्कात अमेरिकन फुटबॉलचा खास ड्राफ्ट होता. नव्या लीगमध्ये आणि कॅनडात खेळणारी पोरं मोठ्या लीगचे संघ पाळीपाळीनं आपसांत वाटून घेणार होते. त्यासाठीच एका संघाचा हा माणूस अलाबामाच्या उन्हात डेमोपोलिसपर्यंत आला होता.

"बाई, एकदा नाव पुकारलं की पोरगा आमचा. मग त्याला दुसऱ्या संघाशी बोलणीसुद्धा करता येत नाहीत. म्हणून म्हणतो, खरं काय ते सांगा."

"खरंच सांगतेय. जिना चढताना कण्हतो बिचारा. आणखी एक मासा वाढू?"

साहेबांनी मासा घेतला, पण त्यांचं लक्ष उडालेलं होतं. प्रत्येक संघाच्या वाट्याला मोजक्याच पाळ्या होत्या. ज्याच्या आईलाच खात्री नाही अशा पोरावर पाळी कोण वाया घालवणार? आभार मानून ते निघून गेले.

ओसरीवर दीर क्लीव्हन बसले होते. शाळेत थर्मनला चेंडू फेकायला त्यांनीच शिकवलं होतं. गाडी वळायच्या आत ते स्वयंपाकघरात घुसले.

"वहिनी, तुझ्या जिभेला काही हाड? गेल्या आठवड्यात आला त्याला सांगितलंस, खांदा निखळलाय. त्या फोनवाल्याला सांगितलंस, पोरगं देवाधर्माला लागलंय, रविवारी चेंडूला शिवत नाही!"

"त्यांचे सामने रविवारीच असतात ना," ओडेसाबाई ताट विसळत म्हणाल्या.

"अगं, पण खांद्याची थाप मारलीस ना, त्या संघाला तो क्वार्टरबॅक म्हणून हवा होता! चेंडू फेकणारा, अख्खा संघ चालवणारा! आपण काय मागत होतो इतकी वर्षं?"

हे मात्र खरं होतं. थर्मन कॉलेजातून बाहेर पडला तेव्हा मोठ्या लीगचा एक गोरा माणूस याच टेबलाशी बसून, याच बाईच्या हातचं खाऊन म्हणाला होता, "क्वार्टरबॅकच्या जागेला डोकं लागतं, बाई. तुमच्या लोकांनी पळावं." थर्मन उठला आणि कॅनडात गेला. तिथे त्यानं फेकलं, संघ चालवला, दोनदा चषक जिंकून दिला. यंदा त्याचा करार संपत होता आणि त्याला मायदेशी येऊन क्वार्टरबॅक म्हणून खेळायचं होतं. सगळ्या डेमोपोलिसला हे ठाऊक होतं.

"ते वाक्य मी विसरले नाही," ओडेसाबाई म्हणाल्या.

"मलाही आठवतंय. पण तुझ्या रागापायी पोराच्या हातातोंडाशी आलेला घास घालवू नकोस. सुंभ जळला तरी पीळ जात नाही बघ तुझा! मी त्यालाच फोन करतो."

"कर की. नंबर माहीत आहे ना?"

क्लीव्हननी तिथूनच फोन लावला आणि सगळं पाढ्यासारखं सांगून टाकलं: गुडघा, खांदा, देव.

"काका, ड्राफ्ट होऊन जाऊ दे," पलीकडून थर्मन हळू आवाजात एवढंच म्हणाला.

"ऐकलंस? रडवेला झालाय पोरगा," फोन ठेवून क्लीव्हन म्हणाले.

ओडेसाबाईंनी मान हलवली आणि ओले हात पुसले. तेव्हापासून क्लीव्हननी त्यांच्याशी बोलणं टाकलं. रविवारी चर्चमध्येसुद्धा ते दुसऱ्या बाकावर जाऊन बसले. बायका कुजबुजल्या. एक म्हातारी तोंडावर म्हणाली, "आईच वैरी झाली तर पोरानं जावं कुठे?" ओडेसाबाईंनी मान ताठ ठेवली आणि सगळ्यांपेक्षा मोठ्यानं गायल्या. मला विचाराल तर जरा बेसूरच गायल्या.

मंगळवारी मात्र क्लीव्हनना राहवलं नाही. त्यांचा एक जुना विद्यार्थी बर्मिंगहॅमच्या वर्तमानपत्रात होता, तो न्यूयॉर्कहून तारेवर येणारी नावं फोनवर कळवत होता. पहिली फेरी संपली. दुसरी संपली. नव्या लीगमधली पोरं भराभर उचलली जात होती, कॅनडातलीही काही. क्लीव्हन दर वेळी फोन ठेवून नुसती मान हलवत होते. ओडेसाबाई शेंगा सोलत होत्या, पण टरफलं भांड्यात आणि दाणे जमिनीवर पडत होते.

शेवटची फेरीही संपली.

"झालं," क्लीव्हन म्हणाले. "कुणीच नाही. एकाही संघानं नाव घेतलं नाही. जिंकलीस तू. आता ओवाळून घे!"

ओडेसाबाई मटकन खुर्चीत बसल्या आणि पदर नसलेल्या बाईनं रडावं तशा, दोन्ही हातांत तोंड लपवून रडायला लागल्या. नवरा गेला तेव्हाही ही बाई लोकांसमोर रडली नव्हती. क्लीव्हनना तिची कीव आली. उशिरा का होईना, उमगलं म्हणायचं.

तेवढ्यात फोन वाजला. बाईंना उठवेना, म्हणून क्लीव्हननीच उचलला.

"बाळा," ते कसंबसं म्हणाले, "कुणी नाही घेतलं रे तुला."

"नक्की ना, काका? एकानंही नाही?"

"एकानंही नाही. जगात सगळं असंच..."

"मग आईला सांगा, जमलं! आता मी कुणाचाच नाही, हव्या त्या संघाशी बोलणी करायला मोकळा. गुडघा, खांदा सगळं ठणठणीत आहे म्हणून उद्यापासून खुशाल सांगत सुटायचं. रांग लावू दे सगळ्यांना दारात. आता निवड मी करणार."