कोण कुणासाठी थांबलंय

उचगावात यात्रा होती, आणि घरी सौरवचा कॉम्प्युटरवरचा जावा प्रोग्रॅम सुरू होतानाच अडकला होता.

"बिघडलंय व्हय रं?" आईनं, जयाबाईनं विचारलं.

"बिघडलं न्हाय. आतले दोन क्लास, म्हंजे प्रोग्रॅमचेच दोन भाग, 'आधी तू तयार हो' म्हणत एकमेकांसाठी थांबलेत. चूक कुठंच दिसत न्हाय."

"मग कळतंय कसं?"

"कोण कुणासाठी थांबलंय, ते बाहेरून बघायचं."

यात्रेच्या जेवणाला आधी कुणी बोलवायचं, यावरून तिचा नवरा आणि थोरले दीर अण्णा सहा वर्षं बोलत नव्हते. जयाबाई तडक समोरच्या घरी जावेकडे गेली.

"आक्का, अण्णा काय म्हणत्यात?"

"दर यात्रेला टोपी घालून बसत्यात गं. तुमची हाक आली की निघायचं म्हणून."

जयाबाईनं वळून पाहिलं. आपल्या कट्ट्यावर तिचा नवराही टोपी घालूनच बसला होता.