सोबत एकच माणूस

“वरचा कोणी साहेब न्हाई का?” व्यंकटरावांनी विचारलं.

शाळेच्या पटांगणात वायुसेनेच्या वैद्यकीय पथकाचा तंबू ठोकला होता. आत स्ट्रेचरवर त्यांची बायको धुरपताबाई पडली होती. तिच्यावर वाकलेली डॉक्टर तरुण होती, वर्दीत होती. छातीवरच्या पट्टीवर ‘बुद्धप्रिया’ असं नाव होतं. व्यंकटरावांना तेवढं वाचणं पुरलं होतं.

“मीच वरची,” ती म्हणाली आणि तिनं धुरपताबाईंच्या पायावरचं ओलं लुगडं कात्रीनं कापलं.

पैनगंगेनं इस्लापूरच्या बाजूची गावं पाण्यात घातली होती. व्यंकटरावांचा पुरावर राग होता, पण तो पिकापायी नव्हता. पुरानं सगळं गाव एका शाळेत आणून टाकलं होतं. ज्यांना त्यांनी जन्मात कधी ओसरीवर बसू दिलं नाही, त्यांच्या शेजारी त्यांना सतरंजी टाकावी लागली होती. तिथंही त्यांनी खिडकीजवळची जागा धरली, मधे बाकं आडवी लावली आणि पलीकडच्यांना सरकून घ्यायला सांगितलं. खिचडी वाटप सुरू झालं, तेव्हा पातेल्याला कुणाचा हात लागला याची त्यांनी चौकशी केली. मग दोनदा वाढून घेतली.

हे पथक या भागाला नवीन नव्हतं. लातूरकडच्या भूकंपात ते ढिगाऱ्यांच्या कडेला तंबू ठोकून राहिलं होतं. बुद्धप्रिया तेव्हा जन्मायचीच होती. पुढं माणसं बदलली, तंबू बदलले, हेलिकॉप्टरं बदलली. पथकाचा नियम मात्र तोच राहिला. ज्याचा जीव आधी जाईल, तो आधी चढेल.

“पायावर काय पडलं?” बुद्धप्रियानं विचारलं.

“गोठ्याची भिंत,” व्यंकटराव म्हणाले. “मीच ओढून काढलं हिला. ह्या हातांनी.”

ते सकाळपासून हेच सांगून राहिले होते. दर खेपेला भिंत थोडी उंच होत होती.

धुरपताबाई तंबूच्या कापडाकडं बघत होत्या. शाळेत आणल्यापासून त्यांच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. पलीकडं सार्जंट पंढरी भामाबाईच्या बोटांना पट्ट्या बांधत होता. भामाबाई बौद्धवाड्यातली. व्यंकटरावांच्याच रानात खुरपायला जायची. तिची नखं मुळापासून उचकटली होती. कशानं, ते तिला कुणी विचारलं नव्हतं.

बुद्धप्रियानं धुरपताबाईंच्या पावलावर बोटं टेकवली, दाबली, पुन्हा टेकवली. पाय मांडीखाली काळानिळा पडला होता आणि गार होता.

“पावलात नाडी लागत नाही. नांदेडला न्यावं लागेल, लगेच. इथं ठेवलं तर पाय जाईल आणि त्याच्यामागं जीवही जाईल.”

“अन् तिथं नेऊन पाय कापला तर? लंगडी बाई घेऊन मी काय करू? इथंच काय ती मलमपट्टी करा. अन् तिला लई हात लावू नका. कोण कुठली...”

त्यांनी वाक्य अर्धंच सोडलं. तंबूतल्या सगळ्यांनी ते पुरं ऐकलं.

बुद्धप्रियानं मानही वर केली नाही. सलाईनची सुई शिरेत सरकवली, वर चिकटपट्टी लावली.

“मी नायगावची,” ती म्हणाली. “आता बाजूला उभे राहा. उजेड अडतोय.”

“मी न्हाई म्हणलं तर?”

“तुम्हाला विचारलंच नाही. पेशंट शुद्धीवर आहे.” ती धुरपताबाईंच्या तोंडाशी वाकली. “मावशी, नेऊ का तुम्हाला?”

धुरपताबाईंनी तिच्याकडं बघितलं. मग मान हलवली. हो.

व्यंकटरावांचा सूर तिथल्या तिथं बदलला. आता ते मऊ बोलायला लागले. “मंग मी संगं येतो. तिला काय बोलता यायचं न्हाई, म्याडम. जे इचारायचं ते मला इचारा. माझ्याबिगर तिला कुठं सोडायची न्हाई.”

‘आता माया आली,’ बुद्धप्रियाच्या मनात आलं. असली माणसं तिनं पाहिली होती. घरच्या बाईचा पाय जातो आहे, आणि ह्यांना फुकटात हेलिकॉप्टरात बसायची हौस. तिला त्यांच्या तोंडाकडं बघावंसंही वाटेना.

हेलिकॉप्टर पटांगणात उतरलं. पंखा फिरायचा थांबला. चौघांनी स्ट्रेचर उचलून आत ठेवलं.

“सोबत एकच माणूस,” पंढरीनं दारातून सांगितलं.

व्यंकटरावांनी धोतराचा सोगा सावरला आणि पायरीवर पाय ठेवला.

“भामे,” आतून आवाज आला. “तू चल.”

धुरपताबाई मान वळवून दाराकडं बघत होत्या. मागं उभी असलेली भामाबाई जागची हलली नाही.

“काय बरळून राहिली ही!” व्यंकटराव ओरडले. “सुईनं डोकं फिरलं हिचं. भामीचं काय काम तिथं? मी नवरा हाय ना!”

“मावशी,” बुद्धप्रियानं विचारलं, “तुमचे मालक नकोत सोबत?”

धुरपताबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. चांगलं डोळे भरून पाहिलं. चपलेला घाण लागली तर माणूस पाहतो, तसं. मग त्यांनी तोंड डॉक्टरकडं वळवलं. आवाज बारीक होता, पण दाराशी गोळा झालेल्या सगळ्यांना ऐकू गेला.

“मला भामीनं उकरून काढलं, बाई. तिच्या आधी मी ह्यांना हाका मारल्या होत्या. ह्यांनी वळून बघितलं. मंग म्हशीचं दावं सोडलं, अन् म्हैस घेऊन गेले.”