रंगीत तालीम

दवाखान्याच्या दारात आईने मुलीची कॉलर सारखी केली आणि सकाळपासून चौथ्यांदा तेच बजावलं, की आज नुसती तालीम आहे, खरी मुलाखत परवा, तेव्हा घाबरायचं काही कारण नाही.

घाबरायला पोरीला कारण लागतच नसे. वर्गात पहिली, पण समोर परीक्षक दिसला की दातखीळ बसायची. शाळेच्या तोंडी परीक्षेत तर तिला स्वतःचं आडनाव आठवेना. आणि हे विद्यापीठ असं, की शंभरातल्या चार-पाच जणांनाच आत घेणारं. मार्क सगळ्यांनाच भरघोस. निवड व्हायची ती बोलण्यावर. गेलं वर्षभर घरात दुसरा विषय नव्हता. अर्ज, ईमेल, फोन, सगळं आईने अंगावर घेतलेलं. पोरीने फक्त अभ्यास करायचा आणि हाक मारली की जेवायला यायचं.

या डोळ्यांच्या डॉक्टरबाई त्याच विद्यापीठात शिकलेल्या. जुनी ओळख आहे, आई म्हणाली होती, सराव करून घेतील. दुपारी पेशंट नसतात म्हणून ही वेळ.

बाईंनी तिला पेशंटच्या उंच खुर्चीत बसवलं. दुसऱ्या खुर्चीचा पाय मोडला होता. पोरीला हसू आलं, आणि तिथेच तिची भीड चेपली. बाई विचारत गेल्या, ती बोलत गेली. गणितावरून सरांशी घातलेला वाद, धाकट्या बहिणीशी चाललेला अबोला, अर्धवट सोडलेली पुस्तकं. जीभ कुठे अडखळली नाही. तिचं तिलाच नवल वाटत होतं.

मग बाईंनी त्या यंत्राचं विचारलं. भिंतीतला पाइप गळू लागला की वाजणारं, विज्ञान स्पर्धेत पहिलं आलेलं यंत्र. तिच्या अर्जाचा सगळा डोलारा त्याच्यावर उभा होता.

पोरीच्या मनात आलं, हे परवाही निघणारच. मग आज विचारून घेतलेलं काय वाईट?

"हे तिथे विचारलं तर काय सांगू?" ती हळूच म्हणाली. "ते मी केलेलं नाही. मामाने केलं. मी नुसता तक्ता रंगवला. आईलासुद्धा माहीत नाही."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तू काय सांगणार होतीस?"

"मीच केलं म्हणून. पाठ केलंय सगळं."

"मग मला खरं का सांगितलंस?"

"तुमची भीती नाही वाटत."

बाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग, बोललीस ते बरं केलंस, एवढंच म्हणून त्या तिला दारापर्यंत सोडायला आल्या. पोरीला अगदी हलकं वाटत होतं. एकदा मन मोकळं केल्यावर परवा ते पाठ केलेलं घडाघडा म्हणता येईल, अशी तिची खात्रीच झाली.

बाहेरच्या बाकावरून आई धडपडत उठली. अडखळलीस का, हा तिचा पहिला प्रश्न.

"एकदाही नाही. मनातलं सगळं बोलून टाकलं."

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने पोरीला भर रस्त्यात मिठी मारली.

"वाटलंच होतं मला. म्हणून तर तुला कळू दिलं नाही. परवा मुलाखत-बिलाखत काही नाही, बाळा. विद्यापीठाने मुलाखतीला बाईंनाच नेमलंय."