खडकावरचा आदिनाथ

पवना धरणात बुडालेल्या भावाचा, आदिनाथचा, शेवटचा व्हिडिओ सारिकाला एकदा पूर्ण पाहायचा होता. घरातला जुना कॉम्प्युटर फार रखडायचा, म्हणून तिने नेटवर वाचून तो ओव्हरक्लॉक केला, म्हणजे ठरल्यापेक्षा जास्त वेगाने पळवला; मेमरीचाही वेग वाढवला. मग व्हिडिओ झरझर चालायचा, पण आदिनाथ खडकावर चढून हसत हात हलवायला लागला की सगळंच गोठायचं. बंद करून पुन्हा लावला, तरी नेमकं तिथंच. तिने मेमरीच्या, म्हणजे रॅमच्या, पट्ट्या काढून खोडरबरने घासल्या, आलटूनपालटून लावल्या. तिचे वडील, आबा, रोज शेजारी खुर्ची ओढून त्या गोठलेल्या स्क्रीनकडे बघत बसायचे. त्यांनाही शेवट पाहायची ओढ लागलीय, असं तिला वाटायचं. अखेर तिने मेमरीचा वाढवलेला वेग थोडा उतरवला.

"आबा, आता अडकायचा न्हाई."

व्हिडिओ पुढे सरकला. आदिनाथने उडी मारली. पाणी त्याच्यावर मिटलं. काठावरचे मित्र आधी हसले, मग त्याला हाका मारू लागले.

आबांनी तोंड फिरवलं.

"इतकं दिस तितंच उभा व्हता त्यो," ते म्हणाले. "पुन्यांदा बिगडव की गं."