मिठाचा संशय

थेंबात स्फटिक होता. एकच. तिरका पडलेला, धारदार कडांचा, आरपार स्वच्छ. सिहेम मायक्रोस्कोपवरून उठली आणि तिने सी शेदलींना जागा दिली.

शेदली प्रयोगशाळेचे प्रमुख आणि तिच्या प्रबंधाचे मार्गदर्शक; 'सी' म्हणजे इथलं 'साहेब'. चष्मा काढून त्यांनी डोळा लावला, बराच वेळ लावला, आणि म्हणाले, "मीठ आहे."

"मीठ नाही, सी शेदली."

"इतका देखणा आहे म्हणजे मीठच. पोरी, प्रथिनं अशी नटूनथटून येत नाहीत."

"स्फाक्सच्या पोरीच्या थेंबात दुसरं काय पिकणार?" शेजारच्या टेबलावरून लसाद म्हणाला. तो सिहेमच्याच बरोबरीचा. त्याला गंभीर होणं जमतच नसे.

संशय अगदीच वाऱ्यावरचा नव्हता. सिहेमचं प्रथिन म्हणजे एका जिवाणूचं एन्झाइम, आणि तो जिवाणू स्फाक्सबाहेरच्या मिठागरातल्या चिखलात सापडलेला. खाऱ्या पाण्याशिवाय त्याचं एन्झाइम टिकत नाही, म्हणून थेंबही खारट. एक अमिनो आम्ल तोडायचं, एवढंच त्या एन्झाइमचं काम. पण ते कसं तोडतं हे कळायला त्याची घडण दिसायला हवी, आणि घडण दिसायला स्फटिक हवा. तो धरावा म्हणून सिहेम चार वर्षं काचेवर थेंब घालत होती. या उन्हाळ्यात तिची मुदत संपणार होती. स्फटिक नाही तर पदवी नाही.

खाली गाडी उभी होती. नायट्रोजनने गार केलेलं पिंप तिच्यातून विमानतळावर जायचं आणि तिथून समुद्रापलीकडे, क्ष-किरणांच्या मोठ्या यंत्राकडे. त्या यंत्रावर यांची पाळी वर्षातून एकदा. गेल्या वर्षी सी शेदली स्वतः गेले होते आणि निघालं होतं मीठ. तिथला एक जण हसून म्हणाला होता, "एवढ्या लांबून मीठ आणलंत, सोबत थोडा ट्यूना मासाही आणायचात!" ते वाक्य सी शेदलींच्या घशात अजून काट्यासारखं अडकलेलं होतं.

"सुई घे," ते म्हणाले.

सुईची परीक्षा इथे सगळ्यांना ठाऊक. स्फटिक सुईने दाबायचा. मीठ असेल तर कट्कन तुटतं. प्रथिन असेल तर मुकाट्याने भुगा होतो. अडचण इतकीच की उत्तर मिळतं तेव्हा स्फटिक उरलेला नसतो.

"रंग सोडून बघू या ना," लसाद म्हणाला. "प्रथिन असेल तर रंग पिईल, मीठ पिणार नाही. पुढच्या आठवड्यात रंगाची नवी बाटली येतेय."

"आणि गाडी पुढच्या आठवड्यापर्यंत थांबणार आहे का?"

"एकच आहे, सी शेदली," सिहेम म्हणाली. "तसाच पाठवू या. मीठ निघालं तर माझं नाव सांगा."

"नाव तुझं सांगेन गं. तोंड माझं दिसेल."

तिने भांडायला हवं होतं. तिलाही ते कळत होतं. पण चार वर्षांत तिचं सगळं भांडण थेंबांशी, जाणाऱ्या विजेशी आणि लग्न कधी म्हणून विचारणाऱ्या मावश्यांशी करून झालं होतं. आज आतून काहीच वर येईना. तिने सुई उचलली. टोक थेंबावर आणलं.

आवाज ऐकू यावा म्हणून लसादने पंखा बंद केला.

आवाज झालाच नाही. चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा स्फटिक सुईखाली बसला.

"मीठ नव्हतं," सिहेम म्हणाली.

सी शेदलींनी तिला बाजूला सारून पाहिलं आणि पाहतच राहिले. "तुझंच खरं निघालं, पोरी," ते म्हणाले. शब्द शाबासकीचे होते, आवाज मयताला आलेल्या माणसाचा होता.

खाली हॉर्न वाजला. पिंपात दुसऱ्यांचे नमुने होते. लसादने खिडकीतून हात हलवला तशी गाडी निघून गेली.

"भुगा आहे अजून," लसाद हळूच म्हणाला. या वेळी तो थट्टा करत नव्हता. भुग्यात मांजराची मिशी बुडवून नव्या थेंबांतून ओढली, तर त्या कणांवर कधीकधी नवे स्फटिक धरतात. बाहेरच्या माणसाला हसू येईल, पण स्फटिकवाले हे मन लावून करतात. बरणीतल्या मिश्या मात्र संपल्या होत्या.

सी शेदली जिना उतरले.

सिहेमने खिडकीतून पाहिलं. फाटकापाशी मांजर निजायचं ते गोणपाट होतं. पांढऱ्या कोटातले सी शेदली त्याच्यापुढे गुडघे टेकून बसले होते आणि एखादी गळालेली मिशी सापडते का म्हणून तळव्याने चाचपत होते. मांजर भिंतीवर बसून त्यांच्याकडे बघत होतं.

"अगं, जा ना खाली," लसाद म्हणाला. "चष्मा इथेच विसरलेत. त्यांना काय दिसणार आहे?"

सिहेमने भुगा सुकू नये म्हणून थेंबावर काच ठेवली आणि कडा नीट दाबल्या.

"शोधू देत," ती म्हणाली.