सिमेंट सुकेपर्यंत

शहाऐंशी सालची रत्नागिरी. लग्नाचा विषय निघाला, की हरिश्चंद्र मुलगी कुणाची हेही न ऐकता "नको!" म्हणून मोकळा.

त्या दिवशी डॉक्टरांनी त्याच्या वाकड्या दातांवर तार बसवायचे ब्रॅकेट चिकटवले आणि दटावलं, "सिमेंट सुकेपर्यंत तोंड मिटायचं नाही, मान हलवायची नाही. लाळ लागली तर सगळं सुटून येईल!"

यमुनाबाई लगेच लेकाच्या खुर्चीशी आल्या. "हरी, एक मुलगी बघितलीय. नको असेल तर आत्ताच सांग हो, मागाहून कुरकूर नको."

हरी आ वासून छताकडे बघत राहिला.

"म्हणजे पसंत!" म्हणत त्यांनी त्याच्या उघड्या तोंडात पेढा घातला. आता ब्रॅकेट सुटणार म्हणून हरीचे डोळेच पांढरे झाले.

 

"खा, खा, जावईबापू," डॉक्टर हात पुसत म्हणाले, "सिमेंट मघाशीच सुकलंय."